हवेची धांव : जॉन बॉइड डनलॉप यांचें चरित्र

गेल्या पावसाळ्यांत पालकसभा आटोपल्यावर इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मजजवळ आले, आणि ज्याचें उत्तर आम्हां शिक्षकांच्या क्रमिक पुस्तकांत कोठेंही सांपडत नाहीं असा एक प्रश्न त्यांनीं मला केला. त्यांजपाशीं दोन आसनांची एक वेगवान स्पोर्ट्स मोटार आहे. तिचे चारही टायर झिजले होते. ते रनफ्लॅट जातीचे होते, म्हणजे आंतील हवा सर्वस्वीं निघून गेली तरी गाडी कांहीं अंतर चालवून नेतां येईल असे. आतां त्यांच्या जागीं तसेच महाग टायर पुन्हां घ्यावेत, कीं साधे हवेचे टायर बसवावेत, हा त्यांच्यापुढें पेंच होता; आणि मी पदार्थविज्ञान शिकवितों एवढ्याच आधारावर त्यांस माझें मत हवें होतें. मजपाशीं एक जुनी सायकल आहे, याहून या विषयांत माझा अधिकार मोठा नाहीं. परंतु घरीं येऊन विचार करूं लागलों, तेव्हां असें दिसून आलें कीं, या प्रश्नाचें मूळ बेलफास्ट शहरांतील एका घोड्यांच्या वैद्याच्या अंगणांत आहे. त्या सद्गृहस्थांस मीं जें सांगितलें, तेंच थोडें विस्तारानें येथें लिहीत आहें.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडच्या एअरशायर प्रांतांतील ड्रेगहॉर्न या खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. आपण दिवस भरण्यापूर्वीं दोन महिने अगोदर जन्मास आलों, असें त्यांस लहानपणीं सांगण्यांत आलें होतें. त्यामुळें आपली प्रकृति मूळचीच नाजूक, अशी त्यांची समजूत होऊन बसली, व ते जन्मभर जिवास जपून वागले. असा हा मनुष्य ८१ वर्षें जगला, ही गोष्ट नाजूक मुलांच्या मातांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

शेतावर वाढलेल्या मुलास जनावरांची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. डनलॉप यांनीं एडिंबरो येथील प्रसिद्ध पशुवैद्यक विद्यालयांत अध्ययन केलें व वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं ते पशुवैद्य झाले. कांहीं वर्षें त्याच शहरीं व्यवसाय करून १८६७ सालीं ते आयर्लंडमध्यें डाउनपॅट्रिक येथें गेले. तेथें आपल्या बंधूंसह त्यांनीं जनावरांचा दवाखाना चालविला, व पुढें ते बेलफास्टला जाऊन मे स्ट्रीट या रस्त्यावर स्थायिक झाले. मोटारी अद्याप निघालेल्या नव्हत्या. माणूस, माल, टपाल, डॉक्टर, सारें कांहीं घोड्याच्या पायांवर चालत असे. आणि घोडा लंगडला कीं, एखाद्या कुटुंबाची भाकर लंगडत असे. अशा काळीं कुशल पशुवैद्यास काय मान असेल याची कल्पना करावी. १८८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत डनलॉप यांचा व्यवसाय साऱ्या आयर्लंडांतील मोठ्यांत मोठ्या व्यवसायांपैकीं एक होऊन बसला होता. स्वभावानें ते शांत व भिडस्त होते. यंत्रें बनवून श्रीमंत व्हावें, अशी हांव धरण्याचें त्यांस कांहीं कारण नव्हतें.

आपल्याकडील बैलगाडीच्या चाकास लोखंडाची धांव चढवितात, ती बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. निदान त्यांच्या आजोबांनीं तरी खास पाहिली आहे. लोहार ती तापवून लाल करतो, लांकडी चाकावर बसवितो आणि वर पाणी ओततो. धांव आकसते व चाकास घट्ट आवळून धरते. अशा धांवेनें चाक झिजत नाहीं, परंतु रस्त्यावरील प्रत्येक दगडाचा हिसका गाडींत बसलेल्याच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोंचतो. त्या काळच्या सायकलींस लोखंडाऐवजीं भरीव रबराची अरुंद धांव असे. तिनें खडखडाट कमी झाला, पण हिसके फारसे कमी झाले नाहींत. बेलफास्टचे रस्ते तर घडीव दगडांच्या चिऱ्यांनीं बांधलेले. त्यांवरून आपल्या व्यवसायासाठीं नित्य गाडींतून हिंडणाऱ्या डनलॉप यांस त्या धक्क्यांचा अनुभव स्वतःच्या अंगीं होता.

त्यांस एक मुलगा होता. १८८७ सालीं तो नऊ-दहा वर्षांचा होता व त्याजजवळ एक तीनचाकी सायकल होती. इतर मुलांबरोबर चढाओढ करीत तो त्या चिऱ्यांवरून ती दामटीत असे. रस्त्याच्या हादऱ्यांनीं मुलास त्रास होतो, ही गोष्ट बापाच्या मनास लागली. हे हादरे कमी करण्याचा कांहीं उपाय आहे काय, असा त्यांनीं विचार चालविला. चाक आणि रस्ता यांमध्यें कोणती वस्तु घालावी, कीं जी दगडावर दबेल आणि दगड ओलांडतांच पुन्हां पूर्ववत् होईल? रबर दबतें खरें, पण भरीव रबर थोडेंच दबतें, आणि दाबण्यांत खर्चिलेली शक्ति तें पुरतेपणीं परत देत नाहीं. हवा मात्र दाबली असतां सहज दबते आणि सोडली असतां जवळजवळ सर्व शक्ति परत देते. तेव्हां रबर हें केवळ हवा कोंडून ठेवण्याची पिशवी, आणि भार वाहावयाचा तो हवेनें, अशी ही कल्पना होती. सांगितल्यावर ती इतकी साधी वाटते कीं, ती आपणांसच कां सुचली नाहीं याचें नवल वाटावें.

पुढील प्रयोग माझ्या विद्यार्थ्यांस मी दरवर्षीं सांगतों, कारण प्रयोग कसा करावा याचा तो उत्तम नमुना आहे. डनलॉप यांनीं एक मोठी वाटोळी लांकडी चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती तिच्या कडेवर बसविली, वरून कापडाची पट्टी ताणून खिळ्यांनीं ठोकली, आणि फुटबॉलमध्यें हवा भरण्याच्या पंपानें ती नळी फुगविली. मग मुलाच्या सायकलीचें भरीव रबराचें चाक काढून त्यांनीं तें अंगणांत घरंगळत सोडलें. तें कांहीं अंतर जाऊन आडवें पडलें. त्यानंतर तेवढ्याच जोरानें ती हवेची चकती सोडली. ती अंगणाच्या दुसऱ्या टोंकापर्यंत गेली आणि तेथें आपटून उलट उसळली. अंगण तेंच, हात तोच, फरक एवढा एकच. आणि निकाल डोळ्यांस दिसणारा. हवेच्या चाकास हिसके कमी बसतात एवढेंच डनलॉप यांस पाहावयाचें होतें. तें अधिक वेगानें व अधिक दूर धांवतें, ही प्राप्ति त्यांच्या अपेक्षेहून मोठी होती.

मग मुलाच्या सायकलीच्या मागील दोन चाकांस अशा धांवा बसविण्यांत आल्या. १८८८ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस रात्रीं रस्त्यावर माणसांची वर्दळ थांबल्यावर मुलगा ती घेऊन बाहेर पडला. जगांतील पहिल्या उपयुक्त हवेच्या टायरची परीक्षा एका शाळकरी मुलानें घेतली, याचा आमच्या वर्गांतील मुलांस फार अभिमान वाटतो; मात्र त्या रात्रीं त्यानें गृहपाठ केला होता कीं नाहीं, असें मीं विचारलें म्हणजे वर्गांत सामसूम होते.

त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं डनलॉप यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला व डिसेंबरांत तें त्यांस मिळालें. बेलफास्ट येथील एडलिन यांच्या कारखान्यांत अशा टायरांच्या सायकली बनूं लागल्या. ते जाडजूड टायर पाहून लोक हंसत. हंसणें थांबलें तें १८ मे १८८९ रोजीं. त्या दिवशीं बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. विली ह्यूम नांवाचा तेथील एका सायकल मंडळाचा कप्तान हवेच्या टायरांची सायकल घेऊन उतरला, आणि ज्या चार शर्यतींत तो धांवला त्या चारही त्यानें जिंकल्या. पुढें लिव्हरपूल येथें जाऊन त्यानें तेथेंही एक वगळतां सर्व शर्यती मारल्या. ह्यूमनें ज्यांस मागें टाकिलें त्यांत डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रो या व्यापाऱ्याचे पुत्र होते. ड्यू क्रो हे स्वतः आयर्लंडांतील सायकलपटूंच्या संघाचे अध्यक्ष होते. आपले मुलगे हरले म्हणून रुसून न बसतां ते कशामुळें हरले याची त्यांनीं चौकशी केली, आणि त्याच सालीं डब्लिनमध्यें हे टायर बनविण्यासाठीं कंपनी उभारली. डनलॉप यांनीं आपलें पेटंट कंपनीस दिलें व त्याच्या मोबदल्यांत त्यांस १,५०० भाग मिळाले.

येथवर ही कथा सरळ आहे. याच्या पुढें ती वळण घेते.

पेटंट मिळून सुमारें दोन वर्षें झालीं असतील नसतील, तोंच तें निरर्थक असल्याचें डनलॉप यांस कळविण्यांत आलें. त्याचें कारण असें कीं, हीच कल्पना दुसऱ्या एका स्कॉटलंडवासी गृहस्थानें ४३ वर्षें अगोदर नोंदविलेली होती. रॉबर्ट विल्यम टॉमसन हें त्याचें नांव. १८२२ सालीं स्टोनहेव्हन येथें जन्मलेल्या या तरुणानें वयाच्या तेविसाव्या वर्षीं, १८४५ सालीं, हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें. रबर लावलेल्या कापडाच्या नळ्या आणि त्यांवर कातड्याचें वेष्टण अशी त्याची रचना होती. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें अशीं चाकें लावलेल्या घोडागाड्या त्यानें लोकांस चालवून दाखविल्या, आणि त्या आवाज न करितां व सुखानें चालल्या. परंतु त्या वेळीं सायकली नव्हत्या, चांगलें पातळ रबर मिळत नव्हतें, आणि एवढा खर्च करून गाडी मऊ चालविण्याची कोणास निकड नव्हती. शोध जन्मला तो फार लौकर. टॉमसन यांनीं पुढें भरीव रबराच्या चाकांचीं रस्त्यावर चालणारीं वाफेचीं यंत्रें बनविलीं, आणि त्यांपैकीं कांहीं हिंदुस्थानांतही आणलीं गेलीं. १८७३ सालीं ते वारले. हवेच्या चाकाचें नांव तोंवर लोक विसरून गेले होते.

डनलॉप यांस टॉमसनच्या शोधाची वार्ता नव्हती, असेंच सर्व चरित्रकार मानतात. आश्चर्याची गोष्ट ही कीं, १८६० नंतरच्या दशकांत हे दोघेही कांहीं वर्षें एडिंबरो शहरांत राहात होते. एकाच शहरांत एकाच कल्पनेचे दोन धनी, आणि दोघांस परस्परांची गंधवार्ता नाहीं! मग शोधक म्हणावयाचें कोणास? माझें मत विचाराल तर, कल्पनेचा पहिला मान टॉमसन यांचा, यांत शंका नाहीं. परंतु जग जिच्यावर चाललें ती धांव डनलॉप यांच्या अंगणांतून निघाली. परीक्षेंत या प्रश्नास एका शब्दांत उत्तर मागणें अन्यायाचें आहे, आणि तें मीही पूर्वीं मागत असें, हें कबूल करितों.

पेटंट गेलें तरी कंपनी बुडाली नाहीं. डनलॉप यांचा मूळ टायर चाकास चिकटवून टाकलेला असे, त्यामुळें पंक्चर झालें कीं तें जोडण्यास कित्येक तास लागत. १८९० सालीं चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनीं कडेंत तार घातलेला व विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनीं कडेच्या ओठास अडकणारा, असे चाकावरून काढतां येणारे टायर योजून काढले. ड्यू क्रो यांनीं ते दोन्ही हक्क विकत घेतले. पुढल्याच वर्षीं वुड्स यांची झडप निघाली. आपल्या सायकलीच्या चाकाचा तो लहानसा टोपीदार खुंट, ज्यांतील रबरी नळीचा तुकडा सायकलवाला आपणांस बदलून देतो, ती हीच झडप. कित्येक देशांत तिला डनलॉपचें नांव आहे. फ्रान्समध्यें मिशेलिन बंधूंनीं १८९१ सालीं काढतां येणारा टायर केला, आणि १८९५ सालच्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतींत त्यांनीं हवेच्या टायरांची मोटार प्रथम उतरविली. वाटेंत तिचे टायर इतक्या वेळां फुटले कीं पाहाणारे थट्टा करूं लागले. तथापि दहा वर्षांच्या आंत भरीव टायरांची प्रवासी मोटार दिसेनाशी होऊं लागली.

सुखाच्या या वस्तूची किंमत कोणी दिली, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं. सायकलीचें वेड युरोप-अमेरिकेंत पसरलें, आणि रबराची मागणी एकाएकीं वाढली. त्या वेळीं रबर मळ्यांत होत नसे. तें रानांतील झाडांपासून व वेलींपासून काढीत. आफ्रिकेंतील कांगो हा प्रदेश बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. तेथील लोकांवर रबर आणून देण्याची सक्ति करण्यांत आली, आणि ठरल्याइतकें रबर न भरल्यास गांवें जाळणें, बायकांस ओलीस धरणें, माणसांचे हात तोडणें, असे प्रकार शिपायांनीं केले. तेथें काम करणाऱ्या ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनीं काढलेलीं छायाचित्रें, आणि आयरिश जातीचे ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांचा १९०४ सालचा अहवाल, यांनीं जगाची झोंप उडविली. १९०८ सालीं तो प्रदेश राजाच्या हातून काढून घेण्यांत आला. डनलॉप यांचा या पापाशीं कांहीं संबंध नव्हता; मुलाचे धक्के कमी व्हावेत एवढेंच त्यांनीं इच्छिलें होतें. तथापि आयर्लंडांतील एका मुलाची गाडी मऊ चालूं लागली आणि कांगोंतील मुलांचे बाप रानांत हांकले गेले, हा धागा मला वर्गांत शिकवितांना सोडून देतां येत नाहीं. पुढें लंकेंत, मलायांत व आपल्या केरळांत रबराचे मळे वाढले, आणि रानांतील रबराचा व्यापार मागें पडला.

आतां पैशाची गोष्ट थोडक्यांत. १८९६ सालीं टेरा हूली नांवाच्या एका सट्टेबाजानें ही कंपनी ३० लक्ष पौंडांस घेतली, आणि लगेच ती ५० लक्ष पौंडांस लोकांपुढें विक्रीस काढली. दोन वर्षांनीं त्याचें दिवाळें वाजलें. डनलॉप यांनीं तत्पूर्वींच कंपनींतून आपलें अंग काढून घेतलें होतें. ते डब्लिनमध्यें राहावयास आले होते व तेथील एका कापडाच्या दुकानांत त्यांची भागी होती. त्यांच्या नांवाचे टायर पृथ्वीवरील प्रत्येक देशांत विकले जात होते. पुढें १९३६ सालीं आपल्याकडेही बंगालमध्यें हुगळीकांठीं साहागंज येथें त्याच नांवाचा मोठा कारखाना निघाला, जो आतां बंद पडला आहे. परंतु मूळ डनलॉप हे सुखवस्तु गृहस्थ एवढेच राहिले. फार मोठें धन त्यांच्या हातीं कधींच आलें नाहीं, आणि त्यांनीं त्याविषयीं आकांत केल्याचें दिसत नाहीं.

एका गोष्टीचा मात्र त्यांनीं आकांत केला. कंपनीनें जाहिरातींत त्यांचें चित्र छापण्यास आरंभ केला होता. दाढी त्यांची, चेहरा त्यांचा, परंतु अंगावर उंच टोपी, भपकेदार पोशाख आणि हातांत छडी, असा एक छानछोकी म्हातारा त्या चित्रांतून मिरवीत असे. साधेपणानें आयुष्य घालविलेल्या या माणसास तें सहन झालें नाहीं. ऐंशीच्या घरांत असतांना त्यांनीं आपल्याच नांवाच्या कंपनीवर फिर्याद केली, आणि तें प्रकरण थेट इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें. पेटंट गेलें तेव्हां जो माणूस शांत राहिला, भागांचा भाव चढून दुसरे गबर झाले तेव्हांही जो गप्प बसला, तो आपल्या चेहऱ्याखालीं परक्याचा पोशाख पाहून न्यायालयाची पायरी चढला. डनलॉप यांच्या चरित्रांतील हा भाग मला सर्वांत अधिक आवडतो.

ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागांतील राहत्या घरीं त्यांचा अंत झाला व डीन्स ग्रेंज येथील दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. हवेच्या टायराचा इतिहास त्यांनीं स्वतः लिहून ठेविला होता. त्यांच्या कन्येनें तो त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध केला. उत्तर आयर्लंडांतील एका बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर पुढें त्यांचें चित्र छापण्यांत आलें. त्यांत ती उंच टोपी नाहीं.

आतां त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. हवेच्या टायरानें जगास सुख दिलें आणि त्याबरोबर पंक्चर दिलें. हवा गेली तरी गाडी चालावी, ही खटपट तेव्हांपासूनच चालली आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं खुद्द डनलॉप कंपनीनेंच डेनोव्हो नांवाचा तसा टायर काढला होता. त्यांत लहान डबे असत, टायर बसला कीं ते फुटून आंत वंगण पसरे. तो फार काळ टिकला नाहीं. हल्लींच्या रनफ्लॅट टायरांत बाजूच्या भिंती जाड व ताठ केलेल्या असतात. हवा गेली तरी त्या भिंती गाडीचा भार तोलतात, आणि बहुतेक टायरांवर ताशी ८० किलोमीटरच्या आंत सुमारें ८० किलोमीटर जातां येतें. रात्रीं आडरानांत थांबावें लागत नाहीं, हा केवढा दिलासा आहे! परंतु ज्या भिंती गाडी तोलतात, त्याच भिंती रस्त्याचा हिसकाही आंत पोंचवितात. डनलॉप यांनीं मुलाच्या सायकलीवरून जो ताठरपणा काढून टाकिला, त्यांतील थोडासा आपण पैसे मोजून परत विकत घेतों. शिवाय हे टायर वजनानें जड, किमतीनें अधिक, आणि हवेवांचून चालविल्यावर पुष्कळदां दुरुस्तीच्या कामाचे राहात नाहींत. लहान गांवांतील पंक्चरवाला तर ते पाहून हातच जोडतो.

म्हणून मीं त्यांस विचारलें कीं, आपण गाडी कोठें नेतां? हमरस्त्यानें रात्रीं-बेरात्रीं एकटे जात असाल तर पूर्वीचेच टायर घ्यावेत. खड्ड्यांच्या रस्त्यांनीं, गांवोगांव, दिवसाउजेडीं जात असाल तर साधे घेण्यास हरकत नाहीं; मात्र त्या गाडींत जादा चाक ठेवण्यास जागाच नसते, तेव्हां छिद्र बुजविण्याचें साहित्य व हवेचा लहान पंप सोबत पाहिजे. दोन जाती एका गाडीवर मिसळूं नयेत, चारही एकसारखे असावेत. माप, भार आणि वेग यांच्या खुणा गाडीच्या पुस्तकांत दिल्या असतील त्यांहून कमी प्रतीच्या घेऊं नयेत. आणि हवेचा दाब दाखविणारा दिवा चालतो कीं नाहीं, हें तपासून पाहावें, कारण रनफ्लॅट टायर बसला असतां तो डोळ्यांस बसलेला दिसत नाहीं.

त्यांनीं चार साधे टायर घेतले. दिवाळीच्या सुट्टींत घाटाखालीं एका खिळ्यानें त्यांस पाऊण तास अडकवून ठेविलें, असें त्यांचा मुलगा मला सांगत होता. छिद्र त्यानें स्वतः बुजविलें, पंप स्वतः लाविला, आणि बसलेली गाडी हवेनें हळूहळू वर उचलली जातांना बाप-लेक दोघेही रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहात होते.